बांधावरचे तान्हे

अर्भक रडते, आई वळून पाहते, उचलते, बोलते. या शेकडो लहान देवघेवींतून मुलाच्या मनात जगाविषयीचा पहिला भरवसा रुजतो. मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातील खेड्यांत घरोघर केलेली निरीक्षणे १९६७ साली ग्रंथरूपाने आली, तेव्हापासून हे शास्त्र सर्वमान्य होत गेले. मात्र ते हाती पडताच आपले शहाणे लोक मातांना उपदेश करू लागतात!

त्यांनी गळीत हंगामात राहू परिसरातील उसाच्या फडावर यावे. ऊसतोडीला आलेले नवरा-बायको मुकादमाच्या हिशेबात मिळून ‘एक कोयता’. उचल फेडायची, मजुरी टनावर. आई मोळ्या बांधते, वाहते. तान्हे बांधावर, पोरसवदा बहिणीच्या हवाली. त्याचे रडणे आईला ऐकू येत नाही असे नाही; हात मोकळे नसतात.

मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोनदा पाजण्याची सुटी १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने दिली. २०१७ साली प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. टनावारी मजुरीत हे बसवायचे कोठे? मूल पदराखाली घेतले, की तेवढी मजुरी बुडाली.

जॉन बोल्बी यांच्या १९५१ च्या अहवालावर, तो बायकांना घरी बसवतो, अशी टीका झाली. ती सर्वस्वी गैर नव्हती. परंतु मुलांची कदर असलेल्या समाजाने आईबापांना जपले पाहिजे, असेही त्यांनी त्यातच बजावले होते. उपदेशक नेमके तेवढे विसरतात.

फडाजवळ पाळणाघर, तेथील बाईचा पगार कारखान्याकडून, आणि पाजण्याचा वेळ मजुरीत धरलेला: तोडणीदराच्या पुढील वाटाघाटीत ही कलमे दरवाढीच्या बरोबरीने मांडली गेली पाहिजेत.