औषध न देणं म्हणजे निवड नव्हे

‘औषध देऊ नका. कमजोर माश्या मरू द्या, उरतील त्या काटक.’ रीलमध्ये हे फार छान वाटतं. ते ऐकून मी आठांपैकी सहा मधपेट्या गमावल्या, म्हणून जरा चिडूनच लिहितोय.

व्हरोआ हा मोहरीएवढा तांबूस कोळी. माशीच्या कोशात शिरून तिथेच वीण वाढवतो आणि पंख चुरगळून टाकणारा विषाणू पसरवतो. आपली सातेरी ज्या आशियाई जातीची, त्या जातीचा तो जुना सोबती. तिच्याकडे तो मुख्यतः नरांच्या कोशांत वाढतो, त्यामुळे वसाहत तगते. युरोपीय मेलिफेराच्या मात्र कामकरी माश्यांच्या कोशांतही वाढतो. (मग सातेरीच का नाही पाळली? मध बराच कमी येतो. मोह आवरला नाही.)

रीलवाले दाखला देतात तो स्वीडनमधल्या गॉटलँडचा. १९९९ मध्ये तिथे १५० वसाहती औषधाविना सोडल्या. जेम्स बाँडवरून याला ‘बाँड टेस्ट’ म्हणतात. काही हिवाळ्यांत बहुतेक मेल्या, थोड्या तगल्या. हे खरंच आहे. पण ते बेट होतं! माझ्या आठ पेट्या, आणि पलीकडच्या शिवारात दुसऱ्याच्या चाळीस. राणी हवेत दहा-पंधरा नरांशी मिलन करते, ते नर कुणाचे? मी निवडलं काय? शिवाय मरू घातलेली पेटी लुटायला शेजारच्या माश्या येतात आणि मधासोबत कोळीही घरी नेतात. माझा ‘निसर्ग’ त्याला भोवला.

कॅलेंडर बघून सरसकट औषधी पट्ट्या लटकवणारेही मला पटत नाहीत. सगळ्यांनाच औषध दिलं की मुळात दणकट पेटी कुठली, ते कळायचं कसं?

मोजावं लागतं. अर्धा कप, म्हणजे तीनेकशे माश्या (राणी नाही ना, ते आधी बघून) जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या, पिठीसाखर घालून हलवायचं, खाली पडलेले कोळी मोजायचे. माश्या जिवंत परत जातात. आकडा चढला त्या पेटीला थायमॉल द्यायचं (घरातलं ओव्याचं फूल तेच) आणि नंतर तिची राणी बदलायची. नवी राणी कमी आकड्याच्या पेटीतून घ्यायची. यात राणी बाद होते, अख्खी पेटी मरत नाही. काम कंटाळवाणं आहे, रील होत नाही.

परवा उरलेल्या दोन पेट्या मोजल्या. एकीत ४, दुसरीत १९. दुसरीला काल औषध दिलं.