मालाचें नांव आणि मोबाईलवरील बाजार

हल्लीं आमच्या सभासदांत एक नवीन हौस शिरलेली दिसते. 'फेसबुकवर जाहिरात टाकली', 'रील काढली', 'गूगलवर पहिला नंबर आणून देणारा माणूस भेटला', हींच वाक्यें जेथें तेथें ऐकूं येतात. ही हौस वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. माल पिकविणाऱ्यानें तो विकण्याचीही विद्या शिकावी, हें योग्यच आहे. परंतु या कामीं पैसा कोठें जातो आणि त्याच्या मोबदल्यांत पदरांत काय पडतें, याचा हिशेब ठेवणारे बागायतदार आम्हांस फार थोडे आढळले. बियाण्याच्या पिशवीचा भाव चार दुकानीं विचारणारा शेतकरी जाहिरातीचे पांच-दहा हजार रुपये मात्र डोळे मिटून देतो. म्हणून या विषयाचा थोडा खोलांत जाऊन विचार करणें अवश्य वाटतें.

प्रथम हें स्पष्ट केलें पाहिजे कीं, हा बाजार सर्व मालासाठीं नाहीं. ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर जातो. कापूस, सोयाबीन किंवा चाळींत भरलेला शंभर क्विंटल कांदा शेवटच्या गिऱ्हाइकास किलो-किलोनें विकीत बसणें कोणास परवडणार? त्याला अडत्या, व्यापारी किंवा संघाची खरेदी हाच मार्ग. ज्या मालाच्या मागें मुलुखाचें नांव उभें आहे, जो गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरांत थेट जातो, आणि जो पेटींत वा पिशवींत भरून प्रवासांत टिकतो, त्यालाच हा बाजार लाभतो. कोंकणचा हापूस, कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद व बेदाणा, मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ हीं त्याचीं चांगलीं उदाहरणें होत. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला यांची बाजार समितीच्या आवाराबाहेरील विक्री नियमनांतून मोकळी केली, तेव्हांपासून थेट विक्रीची कायदेशीर अडचण बरीच दूर झाली. पुढें २०२० च्या मार्चअखेर ऐन आंब्याच्या तोंडावर टाळेबंदी आली, तेव्हां कोंकणांतील बागायतदारांनीं पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांतून, व्हाट्सअ‍ॅपच्या गटांवर मागणी घेऊन, पेट्या विकून दाखविल्या. वाट आहे, हें त्या हंगामानें सिद्ध केलें.

समाजमाध्यम आणि शोधयंत्र या दोन गोष्टी आमचे पुष्कळ बंधु एकच समजतात. त्या एक नव्हत. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम म्हणजे चावडीपुढची दवंडी. जो कोणी त्या वेळीं तेथें उभा असेल त्याच्या कानावर ती पडते, आणि घटकेनें तो ती विसरतो. शोधयंत्र म्हणजे एस्टीच्या थांब्यावर उतरून 'अमक्याचा वाडा कोठें?' असें विचारणारा पाहुणा. तो घेण्याच्या इराद्यानेंच आलेला असतो. त्याला फक्त योग्य दार दाखवावयाचें असतें. दवंडीचे पैसे दर खेपेस मोजावे लागतात. पत्ता एकदां लोकांच्या तोंडीं बसला म्हणजे त्याची निगा तेवढी राखावी लागते. आमच्या मतें शेतकऱ्यानें आधीं पत्ता नीट करावा, दवंडीचा विचार मागाहून करावा. प्रत्यक्षांत याच्या नेमकें उलट चाललेलें दिसतें.

शोधयंत्राचें काम समजावयास अवघड नाहीं. गूगलचें यंत्र जगभरच्या पानांवरून सतत फिरत असतें, वाचलेल्या पानांची सूचि करून ठेवतें, आणि कोणी प्रश्न टाकला कीं त्या सूचींतून जुळणारीं पानें क्रमानें पुढें मांडतें. १९९८ सालीं ही कंपनी निघाली तेव्हां तिची मुख्य युक्ति अशी होती कीं, ज्या पानाकडे इतर भरवशाचीं पानें बोट दाखवितात तें पान अधिक वजनाचें मानावें. गांवांत ज्याच्या शब्दास चार जाणते मान देतात त्याचा शब्द आपण खरा धरतों, तसेंच हें. आतां या हिशेबांत इतर अनेक गोष्टी मिळविल्या गेल्या आहेत. तरी विचारणाऱ्याच्या शब्दांशीं जुळणारा, उपयोगी आणि भरवशाचा मजकूर हा पाया सुटलेला नाहीं.

आणि येथेंच आमचीं माणसें अडखळतात. गुऱ्हाळवाला आपल्या पानावर लिहितो, 'आमचे येथें उत्तम प्रतीचा माल रास्त भावांत मिळेल.' या साऱ्या वाक्यांत गूळ हा शब्दच नाहीं! मग गूळ शोधणारा त्याच्या दाराशीं यावा कसा? शोधणारा तरी एकाच तऱ्हेनें लिहितो असें नाहीं. कोणी 'गूळ' लिहितो, कोणी 'गुळ', हिंदी बोलणारा 'गुड' लिहितो. पुष्कळजण मराठी शब्दच इंग्रजी लिपींत टंकितात, आणि शहरांतला तरुण 'ऑरगॅनिक जॅगरी' म्हणून विचारतो. म्हणून मालाचें नांव, गांव, तालुका, जिल्हा, प्रत, वजन, भाव आणि काढणीचा महिना हीं सर्व साध्या मजकुरांत, मराठींत व इंग्रजींत दोन्ही, लिहिलेलीं असावीं. यात्रेच्या फलकासारखें एक रंगीबेरंगी चित्र करून त्यांत अक्षरें कोंबणें हें काम नव्हे. गूगलच्या नकाशावर आपल्या बागेची वा गुऱ्हाळाची नोंद करावयास कांहीं पैसा पडत नाहीं. जवळच्या जागा दाखवितांना जुळणी, अंतर आणि प्रसिद्धि हें तीन निकष गूगल लावतें, असें तें स्वतःच सांगतें. महामार्गापासून दोन कोसांवर ज्याचें गुऱ्हाळ आहे, त्यानें ही नोंद आजच करावी. भ्रमणध्वनीचा क्रमांक बदलला तर तोही तेथें बदलावा. जुन्या क्रमांकावर वाजत राहिलेली घंटा म्हणजे परत गेलेलें गिऱ्हाईक.

मजकूर लिहावयाचा तो कशाविषयीं? गिऱ्हाईक जें विचारतें त्याविषयीं. हापूसची पेटी घेणाऱ्यास 'सुमधुर, रसाळ, अवीट' हीं विशेषणें नको असतात. फळ किती दिवसांनीं पिकेल, घरीं अढी कशी घालावी, कापल्यावर आंत साका निघाला तर काय, हे त्याचे प्रश्न. जो बागायतदार आपल्या पानावर साका म्हणजे काय, तो बाहेरून कां ओळखूं येत नाहीं, चौदा आणे तयार फळच कां उतरवावें, आणि साका निघाल्यास आपण पैसे परत करतों कीं फळ बदलून देतों, हें उघड लिहील, त्याच्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवील. आपल्या मालाचा दोष आपण होऊन कसा सांगावा, असा संकोच पुष्कळांस वाटतो. परंतु तो दोष गिऱ्हाइकास ठाऊक असतोच. तें फक्त आपण काय म्हणतां तें पाहत असतें. गुळाचीही गोष्ट तशीच. पिवळाधमक रंग यावा म्हणून गुळांत हायड्रॉस घालतात. तें न घालतां भेंडीच्या चिकानें मळी काढलेला गूळ बहुधा तांबूस-तपकिरी उतरतो, आणि सौद्यांत त्याच रंगापायीं त्याचा भाव कमी पडतो. थेट गिऱ्हाइकापुढें तो रंग कसा आला हें सांगतां आलें, तर सौद्यांतील उणें येथें अधिक होतें. हें सांगण्याची सोय अडत्याच्या दुकानांत नव्हती. ती आतां हातीं आली आहे.

ही कल्पना कांहीं परदेशांतून आलेली नव्हे. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते अशी समजूत ज्या काळीं होती, त्या काळीं किर्लोस्कर मंडळींनीं नांगर विकण्याचें धाडस केलें. आणि १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' हें पत्र शंकरराव किर्लोस्करांनीं काढलें. कारखान्याची माहिती देणारें तें छोटेंसें पत्र पुढें मराठींतील एक मोठें मासिक झालें. नुसतें 'नांगर घ्या' म्हणून ओरडण्यापेक्षां वाचणाऱ्यास कांहीं उपयोगी द्यावें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आतां 'पहिला नंबर आणून देतों' म्हणणाऱ्यांविषयीं. साधारण निकालांतील क्रम पैसे घेऊन लावला जात नाहीं. पैसे घेऊन लावतात त्या जाहिराती, आणि त्यांवर तसा निर्देश असतो. पहिल्या क्रमांकाची हमी कोणासही देतां येत नाहीं, आणि अशा कामाचा गुण दिसावयास बहुधा चार महिन्यांपासून वर्षापर्यंत काळ लागतो, असें गूगलनेंच आपल्या मार्गदर्शनांत लिहून ठेविलें आहे. तेव्हां जो पंधरा दिवसांत नंबर देण्याचें बोलतो, तो एक तर अडाणी असावा किंवा आपणांस अडाणी समजत असावा. हे लोक पुष्कळदां विकत घेतलेल्या दुव्यांची भरती करतात. तसलीं पानें खालीं ढकलण्यासाठीं गूगलनें २०१२ सालींच आपल्या गणितांत मोठा फेरफार केला. खोटे अभिप्राय लिहवून घेण्याची चाल तर निंद्यच. ऑनलाइन अभिप्रायांसाठीं भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ सालीं स्वतंत्र मानकही काढलें आहे. शेजाऱ्याच्या पोरांकडून पन्नास खोटीं प्रशस्तिपत्रें लिहवून घेणारा बागायतदार आणि पेटीच्या तळाशीं लहान फळ भरणारा बागायतदार, या दोघांत आम्हांस फरक दिसत नाहीं.

समाजमाध्यमांचा उपयोग मुळींच नाहीं असें नव्हे. मोहोर, फळधारणा, तोडणी, गुऱ्हाळावरची काहील यांचीं चित्रें पाहून शहरांतील मनुष्य हरखतो, आणि जुन्या गिऱ्हाइकास हंगामाची आठवण राहते. पण जमीनधारकांस एक गोष्ट विशेष समजावून सांगण्याची गरज नसावी: ती जमीन आपली नव्हे. दुसऱ्याच्या वावरांत विहीर खणण्यासारखें हें आहे. २०१८ च्या जानेवारींत फेसबुकनें धंद्याच्या पानांपेक्षां आप्तमित्रांच्या मजकुरास अग्रस्थान देण्याचें ठरविलें, आणि ज्यांनीं वर्षानुवर्षें अनुयायी जमविले होते त्यांचा आवाज बसला. पुन्हां ऐकूं जावा तर पैसे मोजा. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्स बंद केलीं, तेव्हां त्यावरचे सर्व प्रेक्षक एका रात्रींत नाहींसे झाले. बंदीच्या योग्यायोग्यतेशीं येथें कर्तव्य नाहीं. ज्याच्यापाशीं गिऱ्हाइकांची स्वतःची वही होती तो तरला, एवढेंच दाखवावयाचें आहे. शोधयंत्रही परकेंच आहे, हें आम्ही विसरत नाहीं. हल्लीं तें वरच्या वर स्वतःच उत्तर रचून देऊं लागलें आहे, त्यामुळें कित्येक शोधणारे मूळ पानापर्यंत येतच नाहींत. म्हणून गिऱ्हाइकाचें नांव, पत्ता, क्रमांक, कोणत्या सालीं किती पेट्या नेल्या, तक्रार काय होती, हें सारें त्याच्या संमतीनें आपल्या वहींत उतरलेलें असावें. व्हाट्सअ‍ॅपची प्रसारयादी देखील ज्यानें आपला क्रमांक साठविला आहे त्यालाच पोहोंचते. तो क्रमांक साठवून घेण्याचें काम पेटी हातीं देतांनाच करावें.

याहून गंभीर प्रश्न मालाच्या नांवाचा आहे. हापूसला भौगोलिक निर्देश २०१८ सालीं मिळाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पांच जिल्ह्यांतील फळास तो लागू आहे. तरीही परप्रांतांतील फळ देवगड अथवा रत्नागिरीच्या नांवानें विकलें जातें, ही तक्रार दर हंगामांत उठते. पूर्वीं ही लबाडी हातगाडीवर चाले. आतां ती शोधयंत्राच्या पहिल्या पानावर चालूं शकते. ज्याच्या मालकीचें एक कलमही नाहीं, परंतु ज्याला पान नीट लिहितां येतें आणि जाहिरातीस पैसा आहे, तो 'देवगड हापूस' या शब्दांवर जाऊन बसतो; आणि खरा देवगडकर कोठें तरी तळाशीं असतो. पिढ्यांनीं कमावलेल्या नांवाचें भाडें तिसराच खातो! देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनें २०२५ च्या हंगामांत फळावर स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याचा उपक्रम हातीं घेतला, तो याच दुखण्यावरचा उपाय आहे आणि तो अनुकरणीय आहे. परंतु चिकटपट्टी फळ हातीं आल्यावर दिसते. गिऱ्हाईक निवड करतें तें त्याआधीं, पडद्यावर. भौगोलिक निर्देशाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून ज्यांनीं नोंद केली आहे, त्यांनीं ती नोंद आपल्या पानावर ठळक दाखवावी. ज्यांनीं केलेली नाहीं त्यांनीं ती आधीं करावी.

खरें नांव मागणाऱ्यानें दुसरें खोटें नांव वापरूं नये, हें ओघानेंच आलें. 'शंभर टक्के सेंद्रिय' हे शब्द आमच्या लोकांच्या पानांवर फार स्वस्त झाले आहेत. सेंद्रिय खाद्याविषयीं २०१७ चे नियम आहेत. थेट विक्री करणाऱ्या लहान उत्पादकास त्यांत कांहीं सूट असली, तरी जें केलें नाहीं तें लिहिण्याची सूट कोणासही नाहीं. 'दोन फवारण्या केल्या, शेवटची अमक्या तारखेस' असें लिहिणारा बागायतदार आम्हांस अधिक पटतो.

हें सर्व एकेकट्यानें करावें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या दोनशे पेट्या निघतात त्यानें स्वतंत्र संकेतस्थळ, छायाचित्रकार, जाहिरात असा पसारा मांडला तर नफा त्यांतच जिरेल. हें काम संघाचें आहे. संघानें आपल्या नांवाचें एक संकेतस्थळ काढावें आणि त्याची मालकी कंत्राटदाराच्या नव्हे, संघाच्या दप्तरीं राहील असें पाहावें. कारण पान करून देणाराच पुढें किल्ली घेऊन बसल्याचे प्रकार आमच्या कानीं आले आहेत. प्रत्येक सभासदाचें एक पान, त्यावर बाग, प्रत, भाव व क्रमांक. पेटीमागें दोन-चार रुपये वर्गणी घेऊन सभासदांच्याच घरचा एखादा शिकलेला मुलगा वा मुलगी पगारी नेमावी. पाठविलेल्या मालाबद्दल तक्रार आली तर दोन दिवसांत निकाल देणारी तिघांची समिति असावी. वजनांत अथवा प्रतींत खोट आढळलेल्या सभासदाचें पान त्या हंगामापुरतें काढून टाकण्याचा अधिकार तिला हवा. हें शेवटचें कलम सभेंत कोणास रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पण तें नसेल तर बाकीचा खर्च करूं नये.

आंब्यास मोहोर नोव्हेंबर-डिसेंबरांत दिसूं लागतो, आणि नव्या पानाची शोधयंत्रास ओळख पटावयास कित्येक महिने जातात. एप्रिलमध्यें पेट्या भरतांना संकेतस्थळाची चर्चा काढून उपयोग नाहीं. हा ठराव गणेशोत्सवानंतरच्या पहिल्याच सभेपुढें यावा, असें आम्ही सुचवितों.