स्लोचा स्क्रू शेवटी!

नव्या मुंबईत ट्रकांना तोटा नाही. वाशीच्या बाजार समितीत कांदे-बटाटे उतरतात, कळंबोलीला लोखंड चढते आणि हा सारा संसार डिझेलवर चालतो. टाटांनी 1954 साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझच्या साहाय्याने डिझेल ट्रक काढले आणि पेट्रोल ट्रकांचे दिवस भरत आले. डिझेलच्या इंजिनाला कार्बुरेटर नसतोच. त्याची नस जाणणारे कारागीर पुढे टॅक्सींवर जगले. पण 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली.

बेलापूरच्या आमच्या एका शेजाऱ्यांकडे वडिलांच्या वेळचा छोटा पेट्रोल ट्रक आहे. ओझी वाहण्याचे त्याचे वय सरले. रविवारी सकाळी एक फेरी, एवढेच आता त्याचे काम. दसऱ्यानंतर त्याचा ‘स्लो’ चढला. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन कोकलत राही. सिग्नलला क्लच सोडण्याचा अवकाश, की स्वारी पुढे झेप घेई. उतारावर इंजिनाने मागे धरावे, तर ते उलट पुढे ढकली. पेट्रोल जळे ते वेगळेच. शिवाय प्रदूषणाची तपासणी इंजिनाच्या याच मंद चालीवर होते. दोन मेकॅनिक स्क्रू पिळून गेले. शेवटी चिरंजीव म्हणाले, “बाबा, आता भंगारात द्या.” शेजारी काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही.

तेवढ्यात तुर्भ्याचे एक वृद्ध मेस्त्री मिळाले. मीही तमाशा पाहायला उभा राहिलो. त्यांनी बॉनेट उघडले, इंजिन गरम होऊ दिले आणि म्हणाले, “काका, स्लोचा स्क्रू तर पार बाहेर आलाय. आता तो कुठे टेकतसुद्धा नाही. याला हवा दुसरीकडून मिळतेय.”

वाचकहो, सारे मर्म या एका वाक्यात आहे. कार्बुरेटरच्या गळ्यात एक गोल तबकडी असते. पाय काढला की ती जवळजवळ मिटते आणि इंजिनाला जगण्यापुरतीच हवा मिळते. स्लोचा स्क्रू त्या तबकडीला किंचित उघडी धरतो. स्क्रू सुटा असूनही इंजिन धावत असेल, तर एक तर तबकडी मिटत नाही, नाही तर हवा चोरवाटेने आत शिरते.

मेस्त्रींनी क्रमाने पाहिले. चोक पुरता उघडतो ना? अर्धवट अडकलेला चोकही गती चढवतो. अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही ना? तबकडी परत खेचणारी स्प्रिंग ढिली नाही ना? सारे ठीक निघाले. मग साबणाचे पाणी घेऊन, फिरत्या पंख्यापासून हात दूर ठेवत, कार्बुरेटरच्या बुडाशी थोडे थोडे सोडले. (इथे पेट्रोल शिंपडण्याचे धाडस कोणी करू नये, तापल्या इंजिनावर भडका उडेल.) एका कोपऱ्यावर पाणी पडताच आवाज एकदम पालटला. चोर सापडला! कार्बुरेटरखालचे पॅकिंग वाळून तडकले होते.

नवे पॅकिंग बसले, नट सारखे आवळले गेले आणि मगच मेस्त्रींनी स्क्रूला हात लावला. आधी स्लोच्या स्क्रूने गती जुळवली. मग मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घेऊन दीड फेरा बाहेर काढला. जोर केला तर त्याचे टोक बिघडते. इंजिन पुन्हा चालू करून तो पाव-पाव फेरा फिरवीत आवाज सर्वांत एकसारखा कुठे लागतो ते ऐकले. पुन्हा स्लो उतरवला. ट्रक मांजरासारखा घुरघुरू लागला.

त्याच दुपारी तपासणीच्या केंद्रावर यंत्राची नळी धुरांड्यात गेली. जुन्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के. ट्रक तीत बसला. प्रमाणपत्र हातात घेताना शेजाऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. भंगाराची गोष्ट चिरंजिवांनी पुन्हा काढली नाही.

आपल्याकडे अजून जुनी स्कूटर असेल, तर तिलाही हाच न्याय. गती चढली म्हणून आधी स्क्रू पिळू नका. हवा कुठून येते ते शोधा. स्क्रू कुठे पळून जात नाही.