कोणते दिवे लावणार?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा सत्ताधारी बाकांवरून एक सवाल टाकण्यात आला : ही मुले पीएच. डी. करून असे कोणते दिवे लावणार आहेत? ओरड झाल्यावर शब्दांची सारवासारव झाली. ती व्हायचीच होती. परंतु शब्द मागे घेतले म्हणून त्यामागची वृत्ती मागे जात नाही, आणि ती केवळ एका मंत्र्याची आहे असेही नाही. उमराण्याच्या बाजारात कांद्याचा लिलाव कोसळलेला पाहून मोकळी गाडी घेऊन परतणारा देवळा तालुक्यातला शेतकरीही हाच प्रश्न विचारील; फरक एवढाच की, त्याला तो विचारण्याचा अधिकार आहे. आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला जनतेच्या पैशातून पगार का द्यावा, हे त्याला समजावून सांगण्याचे काम आपले आहे. आपल्यापैकी पुष्कळ कार्यकर्ते या प्रश्नापाशी गडबडतात आणि 'विज्ञानाने प्रगती होते' असे काहीतरी मोघम बोलून सुटका करून घेतात. म्हणून या प्रश्नाचा येथे जरा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

चाळीत भरलेल्या कांद्याला आत कोठे सड लागली आहे, हे बाहेरून दिसत नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या कवटीत रक्त साचले आहे की नाही, हेही १९७१ पर्यंत बाहेरून नीटसे दिसत नव्हते. साधी क्ष-किरण तसबीर म्हणजे एकावर एक पडलेल्या सावल्या. त्या सावल्या सोडवून शरीराचा आडवा काप पाहण्याची युक्ती म्हणजे सीटी स्कॅन. अनेक कोनांतून क्ष-किरण पाठवायचे. प्रत्येक किरण वाटेत एकंदर किती शोषला गेला, एवढेच मोजता येते. म्हणजे हाती येतात त्या नुसत्या बेरजा. अशा हजारो बेरजांवरून आत नेमके कोठे काय आहे, हे उलट दिशेने काढायचे. हे गणित शक्य आहे, असे योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ साली सिद्ध केले. त्याच्या मनात ना रुग्ण होता, ना यंत्र.

पुढचा टप्पा तर आणखी विलक्षण आहे. सूर्य रेडिओ लहरीही फेकतो. ओळीने मांडलेल्या अँटेनांना सूर्याच्या पृष्ठावरील एका लांबट पट्टीतून येणाऱ्या लहरींची बेरीज तेवढी कळते. अशा पट्ट्यांच्या बेरजांवरून आकाशाचे चित्र कसे उभे करावे, याची रीत रोनाल्ड ब्रेसवेल या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडली. सूर्याच्या पट्ट्या आणि मेंदूतून गेलेले क्ष-किरण, दोहोंचे गणित एकच निघाले. इकडे ॲलन कॉर्मॅक या प्राध्यापकाने दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथे असताना हाच प्रश्न स्वतंत्रपणे हाती घेतला आणि पुढे अमेरिकेतील विद्यापीठात शिकवीत असताना १९६३-६४ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केले. त्यांची फारशी कोणी दखल घेतली नाही. इंग्लंडच्या हाउन्सफील्डने यंत्र बांधले, १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे चित्र निघाले आणि १९७९ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

याच १९७१ साली जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या दोन भारतीयांनी हे गणित पुष्कळ सोपे व जलद करणारी पद्धत प्रसिद्ध केली. जगभरच्या प्रतिमाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ती दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून 'राम-लॅक' म्हणून शिकवली जाते. रामचंद्रन यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे मद्रास विद्यापीठात काढली. कातडी, हाडे, स्नायुबंध यांत असणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना त्यांनी तेथेच १९५४-५५ मध्ये शोधली, आणि त्यासाठी नमुने आले ते त्याच शहरातल्या चर्मसंशोधन संस्थेकडून. चामड्याच्या धंद्याकडे नाक मुरडणाऱ्या समाजात आधुनिक जीवशास्त्रातला एक मोठा शोध चामड्याच्या प्रयोगशाळेच्या आधाराने लागावा, याची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांनी घ्यायला हवी होती.

आणि ब्रेसवेलचा विद्यार्थी कोण? गोविंद स्वरूप. त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्रेसवेल यांच्या हाताखाली १९६१ मध्ये पीएच. डी. पुरी केली. ऑस्ट्रेलियाने देणगी दिलेल्या सुमारे सहा फुटी ३२ तबकड्या घेऊन त्यांनी १९६५ मध्ये आपल्या कल्याणला देशातील अशी पहिली दुर्बीण उभी केली. मनमाड-नाशिकहून मुंबईला जाणाऱ्या लाखो प्रवाशांनी कल्याणला गाड्या बदलल्या, पण तेथे सूर्याचा अभ्यास चालला होता हे किती जणांना ठाऊक असेल? पुढे उटी, आणि नंतर जुन्नर तालुक्यातील खोडदची जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. एवढ्या मोठ्या तबकड्या पत्र्याच्या केल्या असत्या, तर खर्च आणि वाऱ्याचा रेटा दोन्ही आवाक्याबाहेर गेले असते. स्वरूप यांनी पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीची तबकडी योजली. वारा आरपार जातो, वजन कमी भरते, पैसे वाचतात. गरीब देशाने आपल्या गरिबीतून काढलेली ही वाट आहे आणि श्रीमंत देशांचे खगोलशास्त्रज्ञ आज या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. २०२३ च्या जूनमध्ये विश्वातील अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगातील अनेक गटांनी मांडले, त्यांत खोडदची निरीक्षणे होती.

तेव्हा दिवे लागले ते असे. सूर्याच्या पट्ट्या मोजणाऱ्याला सीटी स्कॅन काढायचा नव्हता. चुंबकीय अनुनादाचे चित्र काढू पाहणारे लॉटरबर आणि मॅन्सफील्ड हे दोघेही विद्यापीठांतले शिक्षक होते, उद्योगपतींचे नोकर नव्हते. मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'बॉम्बे' रक्तगट ओळखला नसता, तर तपासणीत 'ओ' दिसणाऱ्या पण 'ओ' रक्त न चालणाऱ्या माणसांना आपण आजही चुकीचे रक्त देत राहिलो असतो.

मग या देशात विद्यापीठे मागे का पडली? याचे एक उत्तर स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातच मिळते. मोठ्या प्रयोगशाळा आणि अणुसंशोधन विद्यापीठांपासून वेगळे काढून सरकारी संस्थांकडे देण्याचे धोरण ठरत असताना मेघनाद साहा यांनी त्याला विरोध केला. साहा हे साधेसुधे टीकाकार नव्हते. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान व घटक वाचण्याचे समीकरण त्यांचे, आणि १९५२ मध्ये डाव्यांच्या पाठिंब्याने ते कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून गेले. विद्यापीठातून संशोधन काढून घेतले की शिकवणे पोपटपंची होते आणि प्रयोगशाळा आटतात, हा त्यांचा आक्षेप ऐकला गेला नाही. त्या धोरणातून चांगल्या संस्था उभ्या राहिल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. जीएमआरटी हीदेखील अशाच संस्थेची निर्मिती. परंतु त्याची किंमत तालुक्याच्या महाविद्यालयांनी मोजली.

१९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका उभी राहिली ती ही चूक थोडी तरी दुरुस्त करण्यासाठी. यशपाल तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि जयंत नारळीकर आयुकाचे संस्थापक-संचालक झाले. कल्पना साधी होती : लहान गावच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने सुट्टीत येथे यावे, ग्रंथालय, संगणक, दुर्बिणीवरचा वेळ वापरावा आणि परत जाऊन शिकवावे. हीच देवळ्यासारख्या गावाची खरी जागा. देवळ्याचे महाविद्यालय पुणे विद्यापीठाशीच संलग्न आहे. परंतु तासिका तत्त्वावर नेमलेला, घड्याळी तासांचे पैसे मिळवणारा, सुट्टीत तेही न मिळणारा शिक्षक पुण्याला संशोधनासाठी जाईल कसा? आयुकाचे दार उघडे आहे, त्याला एस. टी.चे तिकीटच परवडत नाही. कायम पदे वर्षानुवर्षे न भरण्याचा हा परिणाम आकडेवारीत दिसत नाही, कारण जे संशोधन झालेच नाही त्याची नोंद कोण ठेवणार?

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. २०२१ चे मराठी साहित्य संमेलन नाशिकला भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे स्वतः येऊ शकले नाहीत. त्या निमित्ताने त्यांच्या विज्ञानकथांचे कौतुक खूप झाले. २००१ मध्ये आयोगाने विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा त्यांनी त्याला उघड विरोध केला होता आणि पुढे दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साथीने ज्योतिषांची रीतसर चाचणी घेतली होती. दोनशे मुलांच्या पत्रिका, त्यांतली निम्मी हुशार आणि निम्मी मतिमंद. ज्योतिषांचे अंदाज नाणे उडवून मिळणाऱ्या उत्तरांहून सरस ठरले नाहीत. कुंभमेळ्याच्या या जिल्ह्यात त्या प्रयोगाची उजळणी शाळाशाळांतून व्हायला हवी.

आता पैशाचे पाहा. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. चीनचा अडीच टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या जवळ. या आधीच तुटपुंज्या रकमेत उच्च शिक्षणसंस्थांचा वाटा नऊ टक्क्यांहूनही कमी. २०२३ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला, पाच वर्षांत ५०,००० कोटींची घोषणा झाली. त्यांतले सुमारे ३६,००० कोटी खासगी क्षेत्राकडून यावेत अशी अपेक्षा. ज्याला तीन वर्षांत नफा हवा, तो राडोनच्या गणिताला पैसे देईल काय? औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले, याचे आम्ही स्वागतच करतो; मराठवाड्यात असे काही उभे राहत आहे ही आनंदाची गोष्ट आहे. पण हिंगोली-परभणीच्या महाविद्यालयांत त्या लहरी समजावून सांगणारा पूर्णवेळ शिक्षक असल्याखेरीज वेधशाळा ही कुंपणाआडची वास्तू होऊन राहील.

दुसरी बाजू त्या शोधांच्या फळांची. देवळ्याच्या ग्रामीण रुग्णालयासारख्या संस्थेच्या सरकारी साच्यात क्ष-किरण यंत्रापलीकडचे काही सहसा बसत नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाला मालेगावला न्यायचे, नाहीतर भावडबारीचा घाट उतरून नाशिक गाठायचे. मेंदूतल्या रक्तस्रावात पहिले काही तासच हाती असतात. जिल्हा रुग्णालयांतील स्कॅनची सेवा कराराने खासगी कंपन्यांकडे देण्याची पद्धत पडली आहे. यंत्र जनतेच्या इमारतीत, हिशेब कंपनीचा. वास्तविक यंत्रे येथे बनू शकतात. मुंबईच्या 'समीर' या सरकारी संस्थेने कर्करोगावरील उपचाराची प्रवेगक यंत्रे बनवून सेवाग्रामच्या रुग्णालयापर्यंत पोहोचवली, आणि देशी एमआरआय यंत्राच्या चाचण्यांसाठी २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार केला. ही संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका विभागातून निघाली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

यंत्र गावात आले म्हणजे भले झाले, असेही मानण्याचे कारण नाही. सोनोग्राफीचे यंत्र वीज नसलेल्या गावीही पोहोचले, आणि त्याने काय केले? महाराष्ट्रातील सहा वर्षांखालील मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा याच राज्याने १९८८ मध्ये केला, तोही सरकारला सुचला म्हणून नव्हे. स्त्री-संघटना, डॉक्टर आणि वैज्ञानिक यांनी एकत्र येऊन रेटा लावला म्हणून. यंत्रावर लोकांचे नियंत्रण म्हणजे काय, याचा तो आपल्याच चळवळींनी घालून दिलेला धडा आहे.

कार्यकर्त्यांनी तालुक्यात धरायच्या गोष्टी यातून सरळ निघतात. महाविद्यालयातील विज्ञानशाखेची मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकेवर किती, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागवावे. ग्रामीण रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र महिन्यातून किती दिवस चालते, तंत्रज्ञ कायम आहे काय आणि गेल्या वर्षी स्कॅनसाठी किती रुग्ण बाहेर धाडले, हेही त्याच अर्जात विचारावे. सारथी, बार्टी, महाज्योतीच्या अधिछात्रवृत्त्या रखडलेले विद्यार्थी तालुक्यात कोण आहेत, याची यादी करून ती जिल्हा समितीकडे पाठवावी. आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी खोडदची दुर्बीण लोकांना पाहायला खुली असते, आसपासच्या शाळांची मुले स्वतःचे प्रयोग मांडतात. देवळ्याहून निदान एक एस. टी. भरून मुले आणि त्यांच्याबरोबर दोन-चार कांदा उत्पादकही तेथे नेण्याची व्यवस्था आतापासून करावी.