लेप लावा, पण लिंबू स्वयंपाकघरातच राहू द्या

चेहऱ्यावर डाग असले की सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारच्या काकू म्हणतात लिंबू चोळ, आत्याबाई सोडा सुचवतात, भाची टूथपेस्ट पुढे करते. आणि संध्याकाळी टीव्ही लावला, तर मालिकेतली सून झोपेतून उठते तीच नितळ चेहऱ्यानं! तो चेहरा गोरेगावच्या चित्रनगरीत नाहीतर अंधेरीच्या एखाद्या स्टुडिओत मेकअपवाल्यानं खपून तयार केलेला असतो. त्याच अंधेरीहून बोरिवलीची लोकल पकडणाऱ्या बायका बघा. कुणाच्या गालावर मुरमांचे डाग, कुणाच्या कपाळावर वांग. अगदी तुमच्याआमच्यासारख्याच.

मैत्रिणींनो, घरच्या लेपाला माझा मुळीच विरोध नाही. दोन चमचे मसूरडाळीचं पीठ, चमचाभर ताजं दही, थोडा मध. त्वचा कोरडी असेल तर दह्याऐवजी साय. दहा मिनिटं ठेवून, पूर्ण वाळायच्या आत साध्या पाण्यानं धुवा, खसाखसा चोळू नका. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघा. खाज आली, लाल झालं तर तो लेप आपल्यासाठी नाही.

यानं तेलकटपणा कमी होतो, चेहरा मऊ लागतो. इतकंच. मुरूम गेल्यावर मागे राहिलेला काळा डाग त्वचेच्या आत असतो. तो फिकट व्हायला कित्येक महिने लागतात, आणि मुरूम फोडले, उन्हात उघड्या तोंडानं फिरलं की अजून गडद होतो. लेपापेक्षा छत्री जास्त उपयोगी, असं मी म्हणते ते यासाठी.

लिंबाचं मात्र ऐका. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, लिंबाचा रस त्याच्या कितीतरी पट आम्ल. तो लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि डाग घालवायला निघालेल्या बाईला नवे डाग मिळतात. सोडा उलट्या बाजूनं तोच घात करतो. ‘नैसर्गिक आहे, काय होतंय?’ हे म्हणणं सोडायला हवं. बिब्बाही नैसर्गिकच असतो की!

तरीही लेपापेक्षा मला भीती वाटते ती नाव-गाव नसलेल्या डबीची. 2023 साली अकोल्यातल्या एका आईला आणि तिच्या दोन मुलींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याची बातमी आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा चेहरा झटपट उजळवतो, पण त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. दुसरी जात स्टिरॉइडच्या मलमांची. 2018 मध्ये अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली, तरी ‘गोरं करणारी ट्यूब’ म्हणून ती हातोहात फिरतातच. त्यानं त्वचा पातळ होते, आणि ट्यूब थांबवली की मुरूम दुपटीनं उसळतात.

वांग, दुखरे मोठे मुरूम, खड्डे पडणं, यांना लेप पुरा पडत नाही. मुंबईच्या उपनगरांतल्या बायकांना जुहूचं कूपरसारखं पालिकेचं रुग्णालय आहे, आपल्याकडे जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांची चौकशी करा. दिवस गेले असतील तर ते आधी सांगा. आणि जाताना आजवर लावलेली प्रत्येक डबी, प्रत्येक ट्यूब पिशवीत घालून न्या, अगदी सासूबाईंनी आणून दिलेलीसुद्धा.