वरून न दिसणारी जखम

झाडावरून पडलेले वा वाहनाची धडक बसलेले मूल रडून शांत झाले, अंगावर रक्त दिसले नाही, म्हणजे घरची मंडळी देवाचे आभार मानून निर्धास्त होतात. छातीला मार बसला असेल तर ही निर्धास्तता मुलाच्या जिवावर बेतू शकते, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

मुलांच्या बरगड्या कोवळ्या व लवचिक असतात. प्रौढाची बरगडी ज्या आघाताने मोडेल, त्याने मुलाची बरगडी अनेकदा नुसती वाकते. आघाताचा जोर मात्र आतल्या फुप्फुसाला सोसावा लागतो. बरगडी शाबूत असूनही फुप्फुस ठेचलेले असू शकते ते यामुळेच. आत रक्तस्राव होत असतानाही मुलाचा रक्तदाब बराच वेळ टिकतो आणि मग एकाएकी कोसळतो. म्हणून जोराचा मार बसलेल्या मुलाला डॉक्टरांकडे न्यावेच. श्वास जलद होणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे, ओठ निळसर पडणे, मूल मलूल होणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातीत रुतलेली वस्तू उपसू नये; खायला-प्यायला देऊ नये. सद्भावनेने मदत करणाऱ्या वाटसरूला मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्याने पोलिसांच्या ससेमिऱ्याला भिऊन मागे हटू नये.

परंतु नागरिकांना उपदेश केल्याने शासनाचे कर्तव्य संपत नाही. फुप्फुसाबाहेर कोंडलेली हवा हृदयावर दाब आणू लागली की प्रश्न मिनिटांचा उरतो. ती सुईने वा नळीने तत्काळ बाहेर काढावी लागते. एक्स-रेसाठी थांबण्यास तेथे अवसर नसतो. मग काणकोणच्या वा सत्तरीच्या टोकाहून बांबोळी गाठेपर्यंत त्या मुलाने कोणाच्या भरवशावर तग धरावा? 2008 पासून गोव्यात 108 ची सेवा सुरू आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि नुसत्या वेगाने प्राण वाचत नाहीत. मुलांच्या मापाचे प्राणवायूचे मुखवटे, छातीत घालावयाच्या लहान नळ्या आणि त्या वापरण्याचा सराव असलेला डॉक्टर प्रत्येक तालुक्यात चोवीस तास असलाच पाहिजे.

कोणत्या केंद्रात ही व्यवस्था आहे व कोणत्या केंद्रात नाही, हे आरोग्य खात्याने जनतेपुढे मांडावे आणि उणिवा भरून काढण्याची मुदतही जाहीर करावी, अशी आमची मागणी आहे.