हजेरीची वही आणि कॅमेरा

१/ २०१२ च्या जंगली महाराज रस्त्यावरील स्फोटांनंतर पुण्यात कॅमेऱ्यांची मागणी वाढली. त्यासोबत एक युक्तिवादही आला : ज्याने काही केले नाही, त्याने कशाला भ्यावे? जुन्नर-आंबेगावच्या इतिहासाने तो केव्हाच खोटा ठरवला आहे.

२/ १८७० च्या दशकात जांभोरीच्या होन्या केंगले यांनी सावकारांविरुद्ध बंड केले. १८७६ मध्ये ते पकडले गेले. बंड शमले, सरकारचा संशय शमला नाही.

३/ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा पुढे वाढत गेली आणि महादेव कोळीही तिच्यात ओढले गेले. ज्याने काहीच केले नव्हते, त्यालाही हजेरी चुकली नाही. अपराध एवढाच, की त्या जमातीत जन्म झाला.

४/ स्वतंत्र भारताने १९५२ साली हा कायदा रद्द केला. तोवर पाळत ठेवायला एकही कॅमेरा लागला नव्हता. एक वही पुरली.

५/ आज जुन्नरच्या उसात बिबट्यासाठी कॅमेरे लागतात. ते अवश्य लावावेत; माणसांचे जीव जात आहेत. परंतु त्याच वाटेने शेतमजूर स्त्रियाही जातात. त्यांची छायाचित्रे कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, पुसतो कोण? शहरातल्या कॅमेऱ्यांची संख्या विचारणाऱ्यांनी आधी हे विचारावे.